नेपियर कोणता आणि मगदला कुठले

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जगातल्या मोठ्या तोफांवर पानभर मजकूर आला. सुरुवात जंजिऱ्याच्या कलालबांगडीपासून केलीत, ते आवडले. पण त्याच पानावर खाली उजवीकडे जिब्राल्टरच्या शंभर टनी तोफेचा फोटो आहे आणि त्याखाली छापले आहे, 'सिंध जिंकणाऱ्या नेपियरच्या नावाची बॅटरी'. हे चुकले. सिंध घेतला चार्ल्स नेपियरने, १८४३ साली, आणि तो १८५३ मध्ये वारला. त्या वेळी असली तोफ कुणाच्या डोक्यातही नव्हती. जिब्राल्टरचा नेपियर म्हणजे रॉबर्ट. पेशाने इंजिनियर. बॅटरीचे पुरते नाव 'नेपियर ऑफ मगदला बॅटरी' असे आहे. आपण 'ऑफ मगदला' कापलेत. जागा पुरली नसेल, पण खरी गोष्ट त्या कापलेल्या तुकड्यातच आहे, म्हणून हे पत्र. लांबले तर खुशाल कात्री लावा, फक्त मगदलावर लावू नका.

नेपियर नावाचा आमच्या भागात तसाही घोळ आहे. बेळगावजवळ बेळगुंदीला माझ्या आतेभावाला विचाराल तर नेपियर म्हणजे गवत. म्हशीला घालायचे, कापले की पुन्हा फुटणारे. ते नाव आफ्रिकेतल्या बुलावायोकडच्या एका कर्नलवरून पडलेले. शाळेत लॉगरिदमची कोष्टके ज्याच्यामुळे मागे लागली तो जॉन नेपियर. मुंबईचा नेपियन सी रोड तर नेपियरचाच नाही, तरी पुष्कळ जण त्याला नेपियर रोड म्हणतात. एवढ्या गर्दीत आपल्या उपसंपादकांचा हात चुकला तर मी रागावणार नाही.

मी इतिहासाचा माणूस नव्हे. उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर सुरुवात केली, पुढे हायड्रॉलिक सिलिंडर करणाऱ्या एका कारखान्यात पंधरा वर्षे काढली, आणि मुलांची शिक्षणे अंगावर आली तेव्हा बोटीवर फिटर म्हणून गेलो. २००३ साली आमची बोट तेल भरायला जिब्राल्टरला थांबली आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली. बरोबरची पोरे डोंगरावर माकडे बघायला गेली. माकडे काय, आपल्याकडे आंबोली घाटात हवी तेवढी आहेत. मी रोझियाच्या खाडीकडे चालत गेलो, कारण आमचे चीफ इंजिनियर म्हणाले होते, "तुम्ही हायड्रॉलिकवाले ना? मग ती तोफ बघून या."

बॅटरी म्हणजे इथे विजेरी नव्हे. समुद्राकडे तोंड करून तोफा मांडायचा दगडी, पक्का मोर्चा म्हणजे बॅटरी. या मोर्चात तोफ एकच. पण ती एकच बघून माणूस गप्प होतो. लांबी सुमारे ३२ फूट, वजन शंभर टनांच्या वर. तोंडाशी गेलो आणि सवयीने वीत लावली. दोन विती, त्याला बोटभर कमी. पुस्तकातला आकडा १७.७२ इंच आहे, म्हणजे ४५ सेंटिमीटर. एवढा बोअर, म्हणजे नळीचे भोक, मी आयुष्यात होन करून, घासून गुळगुळीत केला नाही, आणि इथे तर आत पेच पाडलेले.

ती नळी कशी केली ते इथल्या लोहाराला सांगितले तर एका वाक्यात कळेल. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतात ना, तशी. धाव भट्टीत लाल करायची, फुगली की चाकावर घालायची, वरून पाणी ओतायचे. थंड होताना ती अशी आवळते की चाक झिजेल पण धाव सुटणार नाही. ही तोफ करणाऱ्या, इंग्लंडमधल्या विल्यम आर्मस्ट्राँगच्या कारखान्यात आतली नळी पोलादाची ठेवून तिच्यावर घडीव लोखंडाची जाड जाड कडी अशीच तापवून, एकावर एक चढवली. आम्ही आजही बुश, म्हणजे लहानसे पोकळ नळकांडे, गरम करून बसवतो. फरक एवढाच की आमचा बुश एका हाताने उचलता येतो.

आणि गंमत अशी की एवढी अवाढव्य तोफ, पण ठासणीची. गोळा मागून नाही, तोंडातून घालायचा. गोळ्याचे वजन दोन हजार पौंड, म्हणजे ९०० किलोंच्या वर. तांदळाची पन्नास किलोंची अठरा पोती एकदम. त्याच्याआधी साडेचारशे पौंडांपर्यंत दारू. हे हाताने ठासणार कोण? म्हणून आर्मस्ट्राँगने पाण्याला कामाला लावले. तोफ उडाली की तिला बाजूला वळवायची, तोंड खाली करायचे, आणि तटाच्या आत, जाड आडोशाखाली बसवलेला रॅम, म्हणजे पाण्याच्या दाबाने पुढे सरकणारा दांडा, त्या तोंडात शिरायचा. आधी पाण्याने नळी धुऊन राहिलेली ठिणगी विझवायची, मग दारू, मग गोळा. डाव्या-उजव्या अंगाला अशा दोन भरायच्या खोल्या. तोफ वळवणे, उचलणे, ठासणे, सगळे पाण्याच्या दाबावर.

दाब कुठून? खाली वाफेचे इंजिन. ते पाणी दाबून ॲक्युम्युलेटरमध्ये भरायचे. आम्ही ज्याला ॲक्युम्युलेटर म्हणतो त्यात हल्ली नायट्रोजन असतो. त्या काळी उभ्या सिलिंडरवर प्रचंड वजन ठेवलेले असे. इंजिन सावकाश ते वजन वर उचलून ठेवी, आणि काम पडले की वजन खाली येताना सगळा दाब एकदम मिळे. गच्चीवरची टाकी मोटर हळूहळू भरते आणि नळ सोडला की पाणी धो धो येते, त्यातलाच प्रकार. ही युक्ती विल्यम आर्मस्ट्राँगचीच. उद्यमबाग, मच्छे भागात आज जी शेकडो पोरे सिलिंडर, पंप, व्हॉल्व्ह करून पोट भरतात त्यांच्या धंद्याचा हा मूळपुरुष, आणि त्याचे नाव आमच्यातल्या दहांना विचारा, एकालाही ठाऊक नसेल. मलाही नव्हते.

एक अडचण मात्र होती. बॉयलर थंड असला तर वाफ धरायला तीनेक तास लागत. म्हणजे शत्रूने तीन तास आधी निरोप धाडून यावे, अशी व्यवस्था.

ही तोफ इंग्रजांनी हौसेने केली नव्हती. इटलीच्या नौदलाने 'दुइलियो' आणि 'दान्दोलो' या दोन युद्धनौकांसाठी आर्मस्ट्राँगकडेच आठ तोफा सांगितल्या. कारखाना इंग्लंडचा, गिऱ्हाईक इटलीचे. मग लंडनला घाम फुटला की उद्या हीच जहाजे माल्टापुढे उभी राहिली तर? १८६९ ला सुएझ उघडल्यापासून मुंबईचा रस्ता जिब्राल्टर, माल्टा, सुएझ असा झाला होता. तो तुटला तर हिंदुस्थान लांब पडला. म्हणून १८७८ मध्ये तसल्याच चार तोफा घेतल्या, दोन माल्टाला, दोन जिब्राल्टरला. दोन्ही गिऱ्हाइकांना एकमेकांची भीती दाखवून माल खपवणारा दुकानदार आपण आपल्या पेठेतही पाहिला आहे.

जिब्राल्टरच्या दोन तोफांपैकी एक व्हिक्टोरिया बॅटरीत होती, दुसरी या नेपियर बॅटरीत. नेपियरमधली तोफ डागताना तडकली, तेव्हा व्हिक्टोरियातली काढून इथे आणून बसवली. म्हणजे आपल्या फोटोत आहे ती तोफ मुळात या बॅटरीची नव्हेच. मागून भरायच्या, झपाझप उडणाऱ्या तोफा आल्यावर ही म्हातारी झाली आणि १९०६ साली कामातून गेली. चारपैकी एकही तोफ कधी शत्रूवर उडाली नाही. आज दोन उरल्या आहेत, एक इथे आणि एक माल्टाला रिनेला किल्ल्यात.

आता नावाकडे. बॅटरीचे काम १८७८ च्या अखेरीस सुरू झाले तेव्हा जिब्राल्टरचा गव्हर्नर रॉबर्ट नेपियर होता. १८७६ ते १८८३ तो तिथे होता, म्हणून मोर्चाला त्याचे नाव. पण त्याआधीची पन्नास वर्षे बघा. जन्म कोलंबोचा, १८१०. वयाच्या सोळाव्या वर्षी बेंगॉल इंजिनियर्समध्ये. पूर्व यमुना कालव्यावर काम. दार्जिलिंगची वसाहत आणि तिथला रस्ता आखला. अंबाल्याची छावणी बांधताना बराकी एकमेकींना चिकटवून न ठेवता हवा खेळेल अशा सुट्या मांडल्या, आणि ती पद्धत त्याच्या नावानेच ओळखली गेली. पंजाब घेतल्यावर तिथल्या बांधकामांचा मुख्य इंजिनियर तोच. ग्रँड ट्रंक रोडचा तिकडचा भाग आणि बारी दोआबचा कालवा त्याच्या देखरेखीखालचा. लढायाही होत्याच, शीखांशी, मुलतानला, लखनौला. पण जमीन मोजायची लेव्हल आणि साखळी घेऊन उन्हात उभा राहिलेला माणूस म्हणून मला त्याच्याविषयी थोडी आपुलकी वाटते, ती लपवत नाही.

आणि लगेच पुढचे पान उलटले की ती आपुलकी घशात अडकते. जून १८५८. ग्वाल्हेरला राणी लक्ष्मीबाई पडल्या, आणि त्यानंतर तीन-चार दिवसांत जावरा-अलिपूरला तात्या टोप्यांच्या फौजेवर तुटून पडून २५ तोफा काढून घेणारा हाच रॉबर्ट नेपियर. पुढचे वर्षभर तात्या मध्य हिंदुस्थान पालथा घालत होते. अखेर नरवरच्या मानसिंगाने त्यांना धरून दिले ते नेपियरच्या हाताखालच्या सरदारांना, आणि १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीला त्यांना फाशी झाली. तात्या मूळचे येवल्याचे. आपल्या पुरवणीत वर्षातून दोनदा तात्यांवर लेख येतो, त्यात नेपियर नसतो. परवा नेपियर आला तर त्यात तात्या नाहीत. एकाच पेपरात राहून या दोघांची भेट होत नाही, याचे मला नवल वाटते.

आता मगदला.

हबसाण म्हटले की आपल्याला जंजिऱ्याचा सिद्दी आठवतो. खानापूर-हल्ल्याळकडच्या रानात राहणारे सिद्दी तर आपल्या बाजारात रोज दिसतात. ते हबसाण म्हणजे ॲबिसिनिया, आजचा इथिओपिया. तिथला बादशहा टेवोड्रोस. फार जिद्दी, फार तापट, आणि एका गोष्टीचे वेड : आपल्या देशात तोफा ओतल्या गेल्या पाहिजेत. १८६२ मध्ये त्याने व्हिक्टोरिया राणीला पत्र लिहिले, कारागीर पाठवा म्हणून. पत्राला उत्तर गेले नाही. तो चिडला आणि त्याने इंग्रज सरकारचे वकील म्हणजे दूत, मिशनरी, जे सापडले ते बेड्या घालून ठेवले. गफात नावाच्या गावी युरोपियन मिशनऱ्यांकडून त्याने जबरदस्तीने ओतशाळा चालवून घेतली आणि त्यांच्याकडून एक अजस्र उखळी तोफ ओतवली. वजन सुमारे सात टन. नाव ठेवले 'सेबास्तोपोल'.

फौंड्रीत काम केलेल्याला सात टनांचा एकसंध ओतीव तुकडा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. आमच्याकडे क्रेन, इंडक्शन भट्टी, तापमान दाखवणारे यंत्र असूनही कास्टिंग मोडल्यावर आत पोकळ निघते आणि मोल्डर एकमेकांची तोंडे बघतात. तिथे यातले काही नाही, आणि ओतणारे म्हणजे बायबल शिकवायला आलेली माणसे.

ओतून झाल्यावर ती तोफ मगदला या त्याच्या डोंगरी किल्ल्यावर न्यायची. रस्ता नाही. १८६७ च्या अखेरीला टेवोड्रोस निघाला. शेकडो माणसे चामड्याचे दोर लावून ओढताहेत, पुढे कडे फोडून रस्ता करताहेत, आणि बादशहा स्वतः दगड उचलतो आहे. जवळजवळ सहा महिने.

नेमक्या त्याच महिन्यांत दुसऱ्या बाजूने, समुद्राकडून, दुसरा माणूस त्याच डोंगराकडे रस्ता करत येत होता. तो नेपियर. त्या वेळी तो मुंबईच्या फौजेचा सरसेनापती होता, म्हणून मोहीम मुंबईहून निघाली. सुमारे १३ हजार सैनिक, २६ हजार हमाल, खेचरवाले, भिस्ती असे बाजारबुणगे, ४० हजारांवर जनावरे, त्यांत हिंदुस्थानातून नेलेले ४४ हत्ती. पावणेतीनशेच्या वर जहाजे लागली. तांबड्या समुद्रावर झुलाच्या किनाऱ्यावर गोडे पाणी नव्हते, तर बोटींच्या बॉयलरवर समुद्राचे पाणी उकळून, वाफ थंड करून माणसांना आणि खेचरांना पाजले. धक्के बांधले. सुमारे १८ किलोमीटर रेल्वे टाकली. मुंबई सॅपर्सनी, म्हणजे फौजेतल्या बांधकामाच्या शिपायांनी, घाट फोडून वर पठारापर्यंत रस्ता काढला. साडेसहाशे किलोमीटरची चाल. हत्तींच्या पाठीवर होत्या त्या तोफा पुन्हा आर्मस्ट्राँगच्याच.

एक राजा तोफ चढवायला रस्ता करतो आहे, एक इंजिनियर हत्ती चढवायला. जिब्राल्टरला त्या तोफेजवळ उभे राहून मी फलक वाचला तेव्हा यातले मला काहीच ठाऊक नव्हते. पुढच्या बंदरापर्यंत बोटीच्या लायब्ररीतल्या एका जुन्या विश्वकोशात बघत बसलो, आणि घरी आल्यावर कॅम्पातल्या एका निवृत्त सुभेदारांच्या मागे लागून बाकीचे गोळा केले.

लढाई तशी झालीच नाही म्हणा. १० एप्रिल १८६८ ला अरोगेच्या उतारावर टेवोड्रोसची माणसे भाले आणि जुन्या बंदुका घेऊन धावून आली. सुमारे सातशे मेली. नेपियरच्या बाजूचे दोन. सेबास्तोपोलचा काही उपयोग झाला नाही. बादशहाने कैदी सोडून दिले. तरी १३ तारखेला मगदलावर हल्ला झालाच, आणि टेवोड्रोसने पिस्तूल तोंडात धरून स्वतःला संपवले. पिस्तूल व्हिक्टोरिया राणीने भेट दिलेले होते असे सांगतात. पत्राला उत्तर नाही, पण पिस्तूल आले होते.

मग लूट. देवळातल्या हस्तलिखित पोथ्या, सोन्याचा मुकुट, क्रूस, राजवस्त्रे. हा माल वाहायला १५ हत्ती आणि सुमारे दोनशे खेचरे लागली. दलांताच्या पठारावर त्याचा लिलाव झाला आणि पैसे शिपायांत वाटले. त्यातले पुष्कळ आजही लंडनच्या संग्रहालयांत आहे. बादशहाचा सात वर्षांचा मुलगा अलेमायेहू, त्यालाही नेले. तो १८७९ मध्ये अठराव्या वर्षी इंग्लंडात वारला आणि विंडसरला पुरला आहे. इथिओपिया त्याच्या अस्थी मागते आहे. २०२३ साली राजवाड्याने पुन्हा नाही म्हटले. 'बॅरन नेपियर ऑफ मगदला' हा किताब नेपियरला मगदलाच्या याच कामगिरीबद्दल मिळाला. आणि सेबास्तोपोल? ती एवढी जड की कुणी नेली नाही. आजही त्याच डोंगरावर उघड्यावर पडून आहे.

या सगळ्याचा बेळगावशी काय संबंध, असे आपण म्हणाल. तेच सांगतो.

मगदलाला गेलेल्या पलटणींत तिसरी आणि दहावी मुंबई नेटिव्ह इन्फंट्री होती. १९०३ मध्ये त्यांची नावे १०३ आणि ११० मराठा लाइट इन्फंट्री झाली. मराठा रेजिमेंटचे केंद्र १९२२ पासून आपल्या गावात आहे. सकाळी फिरायला जाताना आपण त्याच रस्त्याने जातो, 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' कानांवर येते. रेजिमेंटच्या रणसन्मानांच्या यादीत 'ॲबिसिनिया' हा शब्द आहे. तो शब्द इथे या माणसांनी पायांनी चालत आणला. आणि फक्त मराठे नव्हते हो. त्या वेळी मुंबई फौजेच्या पलटणींत मराठे, महार, मुसलमान, बेने इस्रायल म्हणजे कोकणातले ज्यू, असे सगळे एका रांगेत असत. या हिंदी पलटणींचा नेहमीचा पगार इंग्लंडने दिला नाही. तो हिंदुस्थानच्या तिजोरीतून गेला. म्हणजे हबसाणच्या राजाला धडा शिकवायचा इंग्लंडला, आणि शेतसारा भरायचा आमच्या पणज्याने.

माझे खापरपणजोबा त्यांत होते असे आमच्या घरात बोलतात. कागद नाही. होते ते एक चांदीचे पदक, आत्याच्या घरी, बेळगुंदीला, देव्हाऱ्यात.

ते मी लहानपणी पुष्कळदा पाहिले आहे. रुपयापेक्षा थोडे मोठे. मधोमध डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई, आणि तिच्याभोवती नऊ टोकांची चांदणी. दर दोन टोकांच्या मधे एकेक अक्षर. आत्याला इंग्रजी येत नव्हते, आत्याच्या सासूलाही नव्हते. पदर घेतलेली बाई आणि भोवती किरणे म्हणजे देवीच, असे ठरून ते पदक टाकांच्या शेजारी बसले होते. नवरात्रात हळदीकुंकू वाहायचे, दसऱ्याला चिंचेने घासायचे. मी एकदा उचलून पाठ बघायला गेलो तर आत्या ओरडली, "ठेव रं ते! हबसाणची आई हाय ती. हात धुऊन लाव."

'हबसाणची आई' हे नाव कुठून आले याचा मी तेव्हा विचार केला नाही. १९७२ च्या दुष्काळात ती आई पेठेतल्या सराफाच्या तराजूत गेली आणि जोंधळ्याची पोती घरी आली. आत्याने जाताना तिला नमस्कार केला एवढे मला आठवते.

आपली पुरवणी वाचून झाल्यावर मी नातीला म्हटले, मोबाइलवर ॲबिसिनियाच्या पदकाचा फोटो काढ. निघाला. तीच बाई, व्हिक्टोरिया राणी, डोक्यावर पदर. तीच चांदणी, नऊ टोकांच्या मधल्या नऊ अक्षरांत मिळून 'ॲबिसिनिया'. मग नातीने पाठीचा फोटो दाखवला. पाठीवर वेलीच्या गोलात मधोमध, ज्याला पदक दिले त्या शिपायाचे नाव आणि त्याची पलटण. आणि आमच्या देव्हाऱ्यात ती बाजू शंभर वर्षे भिंतीकडे होती.

म्हणून विनंत्या दोन. एक, पुढच्या रविवारी खुलासा छापा की बॅटरी रॉबर्ट नेपियरच्या नावाची आहे, आणि मगदला या शब्दासह छापा. चार ओळी पुरतील.

दुसरी विनंती आपल्या वाचकांना. बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणी या पट्ट्यात ज्यांच्या घरातून कुणी पलटणीत गेले असेल त्यांनी एकदा देव्हारा, फडताळ, आजीची पेटी बघावी. नऊ टोकांच्या चांदणीत पदर घेतलेली बाई दिसली तर हळदीकुंकू राहू दे, फक्त पदक उलटे करावे आणि मागे कोरलेले नाव वहीत उतरवून घ्यावे. चिंच त्या बाजूला लावू नये, अक्षरे झिजतात. इंग्रजी वाचायला अडचण आली तर मी घरी येऊन वाचून देईन. स्कूटर आहे, पैसे नकोत. पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे.

आपला,
एक निवृत्त टर्नर
वडगाव, बेळगाव

ता. क. : 'मगदला' असा शब्द कंपोझ करताना कुणी तरी 'मंगला' करील, म्हणून वेगळे सांगतो. म, ग, द, ला.